दोन हजारांचा मेसेज



कोरोनाच्या आठवणी निघाल्या की आपण दवाखाने, ऑक्सिजन, गेलेली माणसं यांच्याबद्दल बोलतो. ते साहजिकच आहे. आमच्या दिलसुखनगरच्या गल्लीतूनही तीन जण गेले. पण आज मी जरा वेगळ्या विषयावर लिहिणार आहे. २०२० साली सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, त्याबद्दल. उस्मानियाचा बी.कॉम., छत्तीस वर्षं बँकेत नोकरी, २०१० साली निवृत्त. त्यामुळे पैसा कुठून निघाला आणि कुठं जाऊन पोचला हे बघायची खोड अजून गेलेली नाही. लेख थोडा लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी आमच्या घरचं सांगतो. आमचं मूळ गाव देगलूर तालुक्यातलं, नांदेड जिल्हा. हैदराबादहून मदनूरमार्गे चार-पाच तासांचा रस्ता. मला बँकेत नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी माझा हिस्सा हक्कसोड करून दादांच्या नावे केला. शेती त्यांनीच केली, मी सुट्टीत जाऊन हुरडा खाल्ला. दादा २०१६ साली गेले. पाच एकर कोरडवाहू जमीन वहिनींच्या नावावर झाली. पुतण्या पुण्यात नोकरीला. त्यामुळे जमीन बटईनं दिलेली. बटईदार गावातलाच, त्याचे वडीलही आमच्याकडे होते. खत-बियाणं निम्मं-निम्मं, मेहनत त्याची, माल निम्मा-निम्मा. कागद नाही. सगळं तोंडी.

मार्च २०२० मध्ये वहिनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या नि लॉकडाऊनमध्ये अडकल्या. येताना घराची किल्ली बटईदाराकडे देऊन आल्या, आणि दादांचा जुना बटनांचा फोनही. "म्हशीचं, घराचं काही असलं तर कळवता येईल," म्हणून. पासबुक गावातल्या पेटीत. दोन आठवड्यांत परत जायचंच होतं ना!

२५ मार्चपासून सगळं बंद झालं. मेट्रो बंद, साईबाबा मंदिर बंद. दिलसुखनगर म्हणजे कोचिंग क्लासचं गाव. नलगोंडा, महबूबनगरकडची हजारो मुलं इथल्या हॉस्टेलांत राहतात. ती पिशव्या उचलून मिळेल त्या वाहनानं गेली आणि आमचा रस्ता एका रात्रीत मुका झाला. २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात दोन गोष्टी गावाकडच्या लोकांसाठी महत्त्वाच्या होत्या. एक, पीएम-किसानचे दोन हजार रुपये एप्रिलमध्येच सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात. दुसरी, जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये.

मी वहिनींना तेव्हाच सांगितलं होतं, हे दोन हजार जास्तीचे नाहीत. पीएम-किसान योजना फेब्रुवारी २०१९ पासून चालूच होती. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. नव्या वर्षाचा पहिला हप्ता लवकर दिला, एवढंच. पण वेळेवर दिलेल्या पैशाची किंमत वेगळी असते, हेही खरं. रब्बीचा हरभरा घरात पडून, बाजार बंद, मजुरी बंद. अशा वेळी दोन हजारही मोठे वाटतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फोन आला, दादांच्या नंबरावरून. त्या नंबराचा फोन वाजला की आजही छातीत धस्स होतं. पलीकडून बटईदार बोलत होता.

"साहेब, काकूंचे दोन हजार पडलेत. ह्या फोनवर मेसेज आलाय. पोरानं वाचून दाखवला."

मी म्हणालो, "बरं झालं कळवलंस. आणि तुझे?"

"माझे कशाला पडतील? सगळ्या गावाचे पडायलेत, पण माझ्या नावानं कुठं सातबारा आहे?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला नाही हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी वहिनींना निरोप दिला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या नि म्हणाल्या, "भावजी, मेसेज त्याच्या खिशात आला नि पैसे माझ्या खात्यात. यातला शेतकरी कोण हो?"

आता नियम बघा. बँकेतल्या माणसाला नियम आधी आठवतो. पीएम-किसानमध्ये ज्याच्या नावावर लागवडीची जमीन, तो लाभार्थी. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आयकर भरणारे, दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे (चतुर्थ श्रेणी सोडून), डॉक्टर, वकील, सीए वगैरे वगळलेले. पुतण्या आयकर भरतो, पण तो सज्ञान, वेगळा. म्हणजे वहिनी नियमात बसतात, त्यांनी काही लपवलेलं नाही. आणि जो पहाटे पाचला शेतात जातो तो कुठंच बसत नाही, कारण त्याच्या नावावर जमीनच नाही.

त्याच्या घरी मग आलं काय? बायकोच्या जनधन खात्यात पाचशे. ते काढायलासुद्धा वार लावून दिलेले होते. खात्याचा शेवटचा आकडा शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन-तीनला ४ एप्रिल, चार-पाचला ७, सहा-सातला ८ आणि आठ-नऊला ९ एप्रिल. मला ही पद्धत आवडली, गर्दी टाळायला यापेक्षा सोपं काय करणार? तिचा आकडा सात होता. शिवाय रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट. म्हणजे सरकारच्या कागदात ते घर गरीब म्हणून होतं, शेतकरी म्हणून नव्हतं.

इकडे आमच्या इमारतीत दुसराच हिशोब चालू होता. तेलंगणात पांढऱ्या रेशनकार्डावर माणशी बारा किलो तांदूळ आणि घरामागे दीड हजार रुपये मिळाले. ते एप्रिलमध्ये. जूनच्या शेवटी रयतु बंधूचे पैसे आले. ही योजना कोविडची नव्हे, मे २०१८ पासूनची. पहिल्यांदा एकरी चार हजार आणि पुढच्या वर्षापासून एकरी पाच हजार, दर हंगामाला. पण त्या जूनमध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट असताना पन्नास लाखांहून जास्त खात्यांत पैसे पडले, त्यामुळे लोकांनी ते कोविडची मदत म्हणूनच मोजले.

पीएम-किसान घरामागे ठरावीक रक्कम देते, रयतु बंधू एकरामागे देत असे. त्यामुळे जितकी जमीन जास्त तितकी मदत जास्त, वर आयकराचीही अट नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची देवरकोंड्याकडे अकरा एकर जमीन, त्यांना पंचावन्न हजार आले. जमीन कौलावर दिलेली. कौल घेणाऱ्याला शून्य. त्यांना मी सहज विचारलं, तर ते म्हणाले, "सरकारनं दिले, मी मागायला गेलो नव्हतो." तेही खरंच.

तुम्ही म्हणाल, मालक म्हणजे सगळे शहरातले सुखवस्तू. तसं नाही मंडळी. आमच्या इमारतीचा वॉचमन नागरकर्नूलकडचा. दोन एकर जमीन आहे, पाणी नाही, म्हणून कौलावर देऊन तो इथं जिन्याखालच्या खोलीत बायको-मुलांसह राहतो. त्याला दहा हजार आले. मी म्हणालो, "जमीन तो दूसरा करता ना?" तो म्हणाला, "साब, जमीन मेरे नाम पे है. बच्ची का फीस कहाँ से भरूँ?" त्याला काय उत्तर देणार? जिन्याखाली राहणारा हा माणूस मालक आहे, आणि त्याच्याकडून जमीन घेऊन कसणारा कदाचित त्याच्यापेक्षाही गरीब.

हे सगळं मला नवीन नव्हतं. १९९० साली व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं दहा हजारांपर्यंतचं थकीत शेतीकर्ज माफ केलं, तेव्हा मी मदनूर-जुक्कल भागातल्या एका शाखेत होतो. तिकडे काउंटरवर अर्धी माणसं मराठी बोलायची. रात्री अकरापर्यंत बसून आम्ही याद्या केल्या. यादीत कोण? ज्याच्या नावावर जमीन, कारण कर्जच त्याला मिळतं. कसणाऱ्यानं सावकाराकडून शेकडा तीननं काढलेलं, ते कोणत्या यादीत येणार? २००८ सालच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती, पण ती मोजणीही जमिनीच्या कागदावरच झाली.

बँकांनी काही केलं नाही असंही नाही. नाबार्डनं कौलदारांसाठी संयुक्त देयता गट काढले, चार ते दहा जणांनी एकमेकांची हमी घ्यायची. आंध्रानं, तेव्हा तेलंगण त्यातच होतं, २०११ साली परवानाधारक शेतकऱ्यांचा कायदा करून कौलदारांना कर्जपात्रता कार्ड द्यायला सुरुवात केली. पण कार्ड हातात घेऊन माणूस शाखेत आला की अधिकारी विचारणार, याच जमिनीवर मालकानं आधीच पीककर्ज उचललंय का? बहुतेक वेळा उचललेलं असे. एका जमिनीवर दोन पीककर्जं कशी देणार?

मग एक साधा प्रश्न उरतो. कसणाऱ्याचं नाव कागदावर का लागत नाही? याचं उत्तर आपल्याकडे सत्तर वर्षं जुनं आहे. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं आणि १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. देगलूर त्यात आलं आणि नलगोंडाही. वर्षानुवर्षं कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळालं, पुढं कितीतरी कुळं मालक झाली. आमच्या आजोबांची दोन शेतं तशीच गेली. गेली ती कसणाऱ्यांकडे गेली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण घराघरांत एक वाक्य तेव्हापासून मुक्कामाला आहे : "लिहून देऊ नको, कूळ लागेल." दादा हेच म्हणायचे. सातबाऱ्याच्या बाजूला सात-ब नावाचा एक नमुना असतो, मालकाखेरीज दुसरं कोणी जमीन कसत असेल तर त्याची नोंद करायला. तो बहुतेक गावांत कोराच. कायदा कसणाऱ्यासाठी केला नि त्याच्याच धाकानं पुढच्या पिढ्यांतले कसणारे कागदावरून पुसले गेले.

हे वाक्य त्या एप्रिलमध्ये आमच्याही घरात आलं. वहिनींनी ठरवलं, दोन हजार बटईदाराला द्यायचे. "मेसेज त्याच्याकडे गेला, म्हणजे देवानंच पत्ता सांगितला," असं त्यांचं म्हणणं. पण पैसे काढणार कसे? वहिनी दिलसुखनगरला, खातं देगलूरला, पासबुक पेटीत. अंगठा लावून काढायचे तर अंगठा इथं. म्हणून पुतण्याला सांगितलं, तू पुण्याहून त्याच्या मुलाच्या खात्यात पाठव. तो फोनवर म्हणाला, "काका, रोख द्या हवं तर, पण खात्यातून नको. उद्या तो दाखवेल की शेतकरी म्हणून मला पैसे देत होते. कूळ लागलं तर?"

पोरगं वाईट नाही. संगणकावर काम करतं, पण भीती पणजोबांची. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी आयुष्यभर लोकांना सांगितलं की व्यवहार खात्यातूनच करा, आता घरातल्या दोन हजारांसाठी वेगळं कसं सांगू? तिकडून वहिनी म्हणाल्या, "पाच एकर तो राखतोय म्हणून आपलं आहे. तुझे वडील आजारी होते तेव्हा रात्री नांदेडला कुणी नेलं?" त्यावर तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी पैसे पाठवले, शेऱ्यात 'बियाण्यासाठी' असं लिहून. मी म्हणालो, चालेल. हेही खोटं नाही.

आणि बियाण्यालाच ते लागले. आठवत असेल, जून २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. आमचंही तीन एकर वांझ गेलं. दुबार पेरणी. बियाण्याच्या एका पिशवीला दोन हजारांच्या वर पडत होते. दुसऱ्या पेरणीचं बियाणं सगळं वहिनींनी घेतलं, त्यात निम्मं धरलं नाही. ऑगस्टमध्ये पुढचा हप्ता आला तो त्यातच गेला.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात अतिवृष्टी. कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. राज्य सरकारनं ऑक्टोबरच्या अखेरीस दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी दहा हजार, दोन हेक्टरपर्यंत. पंचनाम्याच्या वेळी चिखलात उभा कोण होता? बटईदार. नाव कुणाचं लिहिलं? वहिनींचं. नुकसान मात्र निम्मं-निम्मं झालेलं. वहिनी तोपर्यंत गावी परतल्या होत्या. मदत आली तेव्हा त्यांनी ती सरळ दोन भागांत वाटली. या वेळी पुतण्या काही म्हणाला नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झालं की मग, माणुसकीनं प्रश्न सुटला. सुटला नाही. त्या वर्षी आमच्या बटईदाराला जे मिळालं ते वहिनींच्या मनात आलं म्हणून मिळालं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या मनात आलं नाही, म्हणून त्यांच्या कौलदाराला मिळालं नाही. सरकारी मदत दुसऱ्याच्या मर्जीवर कशी काय अवलंबून ठेवायची? आम्ही बँकेत कुणाच्या मर्जीवर व्याज देत नव्हतो. आणि तेलंगणात एक गोष्ट तर फार बोचते. रयतु बिमा म्हणून पाच लाखांचा आयुर्विमा आहे, तोही पट्टेदार शेतकऱ्यालाच. कौलदार गेला तर त्याच्या घरच्यांना त्यातून काही नाही.

करता येत नाही असं नाही. ओडिशानं २०१८ च्या शेवटी कालिया योजना आणली, त्यात भूमिहीन घरंही घेतली. आंध्रानं २०१९ मध्ये रयतु भरोसात अनुसूचित जाती-जमाती, मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या भूमिहीन कौलदारांना धरलं, अकरा महिन्यांच्या कराराचं कार्ड दिलं. पण कार्डाला मालकाची सही लागते. मालक सही देत नाही. पुन्हा गाडी तिथंच. नीती आयोगानं २०१६ साली टी. हक समितीकडून भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा करून घेतला. मालकाची मालकी पक्की, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळायची वाट मोकळी. मला तरी तो दोघांच्याही हिताचा वाटतो.

मी स्वतः २०२१ च्या पाडव्याला बटईदाराला फोन करून विचारलं होतं, आपण अकरा महिन्यांचा साधा करार लिहू या का? मला वाटलं तो आनंदानं हो म्हणेल. तो घाबरला. "नको साहेब. कागद मागितला म्हणून गावात दोघांची बटई गेली. आहे ते बरं आहे." पुतण्या कागदाला घाबरतो, जमीन जाईल म्हणून. बटईदार कागदाला घाबरतो, काम जाईल म्हणून. दोघांची भीती एकाच कागदाची.

पुढं २०२२ मध्ये पीएम-किसानला ई-केवायसी सक्तीची झाली. ओटीपी जाणार बटईदाराच्या खिशातल्या फोनवर! हे काही बरोबर नव्हतं, म्हणून मी वहिनींना त्यांचा स्वतःचा नंबर आधारला आणि बँकेत लावायला सांगितलं. त्यांनी लावला. आता राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही सहा हजार येतात, म्हणजे वर्षाला बारा. हप्ता पडला की वहिनी बटईदाराला निरोप पाठवतात आणि पेरणीच्या आधी हिशोबाच्या वहीत 'बियाणं' या खात्याखाली रक्कम मांडतात. वही मी आखून दिली आहे, जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. वर्षाच्या शेवटी दोघंही सही करतात. तो करार नाही. पण त्याचं नाव आणि त्या जमिनीचा गट नंबर एका पानावर आलेत, हे पहिल्यांदाच.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांची जमीन आजही देगलूर, बिलोली, उदगीर, भालकीकडे बटईनं किंवा ठोक्यानं दिलेली आहे, आणि हप्ते आपल्या किंवा आपल्या आईच्या खात्यात पडतात. तुमच्याकडे काय व्यवस्था आहे? कुणी कागद केला असेल, आणि तो करूनही दोघं सुखानं नांदत असतील, तर कसा केला ते जरूर लिहा. पुतण्या वाचतो माझे लेख. बटईदाराला मी वाचून दाखवीन.